प्रो रेसलिंगचं मराठी समालोचन: क्रियापद आधी, तीनच्या मोजणीला गप्प

मंगळवारी पहाटे रॉ, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकी कंपनीचा प्रो रेसलिंगचा साप्ताहिक शो, लागला की एकदा टीव्हीचा आवाज पूर्ण बंद करून दहा मिनिटं बघा. पैलवान तेच, डाव तेच, पण चार-पाच फटक्यांनंतर सगळे फटके एकसारखे वाटायला लागतात. आता आवाज सुरू करा. ही लाथ आधीच दुखावलेल्या गुडघ्यावर बसली, पंचाची पाठ होती म्हणून त्याला ती दिसली नाही, या लढतीसाठी हा माणूस किती महिने थांबला होता, हे सगळं कानावर पडतं आणि तीच लाथ जड होते. फटका रिंगमध्ये बसतो, त्याचं वजन समालोचक ठरवतो.

मुंबईतल्या छोट्या हॉलमधल्या शोला किंवा नंतर इंटरनेटवर टाकायच्या रेकॉर्डिंगला मराठीत आवाज द्यायचा असेल, तर ते वजन कसं द्यायचं हे पुढे आहे.

आपल्याकडे दोन मोठे वारसे आहेत. एक मैदानातल्या कुस्ती निवेदकाचा, दुसरा आकाशवाणीचा. बाळ ज. पंडितांनी क्रिकेटचं धावतं वर्णन मराठीत रुळवलं, ते ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे काहीच नसायचं. निवेदकाचं उलट: त्याच्या समोरचा माणूस सगळं प्रत्यक्ष बघत असतो, आणि भोंग्यावरचा आवाज हलगीच्या जोडीने मैदान तापवतो. प्रो रेसलिंगच्या समालोचकाची जागा या दोघांच्या मधली आहे. ऐकणारा पडद्यावर सगळं बघतोय, पण हॉलपासून दूर घरात एकटा बसलाय. दिसतं ते त्याला सांगू नका. कारण, परिणाम आणि वेदना सांगा, कारण त्या पडद्यावर अर्ध्याच दिसतात. रेडिओचं सगळं वर्णन इथे आणलं तर गर्दी होते आणि निवेदकाचा अखंड जोश आणला तर दुसऱ्या लढतीलाच प्रेक्षक थकतो.

वाक्य आधी दुरुस्त करा

मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. गप्पांत ते शोभतं, माईकवर घात करतं. “आता निळा पैलवान काळ्या पैलवानाला दोन्ही हातांनी डोक्यावर उचलून घेत आहे” हे घड्याळ लावून म्हणून बघा. चार-पाच सेकंद जातात. तेवढ्यात काळा आपटून, कूस बदलून दोरीपाशी पोचलेला असतो. म्हणून क्रियापद पुढे आणा आणि भूतकाळात बोला: “उचललं! डोक्यावर धरलंय... आणि आपटलं!” नाव लागलं तर मागून येऊ द्या: “आपटलं काळ्याला!” मैदानातले जुने निवेदक असंच बोलतात, त्यात नवीन काही नाही.

तीन शब्दप्रयोग पूर्णपणे टाळा: “आपण पाहू शकता”, “करताना दिसतोय” आणि “या ठिकाणी”. प्रत्येकात एक-दीड सेकंद जातो आणि माहिती शून्य.

दुसरी अडचण सर्वनामांची. “त्याने त्याचा हात धरून त्याला त्याच्याच कोपऱ्यात ढकललं” यातून कोणी कोणाला ढकललं हे कळत नाही. दोन महिला पैलवानांच्या लढतीत “तिने तिला” चा हाच घोळ होतो. नियम साधा ठेवा: फटका मारणाऱ्याचं नाव, खाणाऱ्याचा अवयव. “निळ्याची कोपरखळी, थेट बरगडीत.” नाव तोंडात बसत नसेल तर पोशाखाचा रंग घ्या, पण एका लढतीत एकच खूण धरा. आधी ‘लाल चड्डी’, मग ‘दाढीवाला’, मग ‘नाशिककर’ असं केलं तर नवख्या प्रेक्षकाला रिंगमध्ये तिघं असल्यासारखं वाटतं.

अवयवांची नावं हा मराठीचा खजिना आहे, तो उघडा. गोरिला मॉन्सून हे स्वतः पैलवान होते आणि नंतर डब्ल्यूडब्ल्यूएफचे (आजची डब्ल्यूडब्ल्यूई) समालोचक झाले. डोक्याच्या मागच्या उंचवट्यालाही ते वैद्यकशास्त्रातलं नाव घेऊन सांगायचे. त्यामुळे साधा फटकाही नेमक्या जागी लागल्यासारखा वाटायचा. आपल्याकडे त्यासाठी जड शब्द लागतच नाहीत. माकडहाड, खुबा, बरगडी, पोटरी, घोटा, मनगट, कानशील, मानेचा मणका. “पाठीवर पडला” आणि “माकडहाडावर बसला” यात घरी बघणाऱ्याचा चेहरा बदलतो.

पैलवानांना माईकवर एकेरी बोला. “त्यांनी त्यांना ठोसा लगावला” म्हटलं की मार हलका होतो. निवृत्त पैलवान किंवा तालमीतले वस्ताद पाहुणे म्हणून शेजारी बसले असतील तर त्यांना अहो-जाहो. दोन समालोचकांनी एकमेकांना ‘तुम्ही’ म्हणावं की ‘तू’, हे शोच्या आधी ठरवा आणि शेवटपर्यंत पाळा; मध्येच बदललं तर ऐकणाऱ्याला दोघांत काही बिनसलं असं वाटतं.

डावांची नावं: कुठे मराठी, कुठे इंग्रजी

जिथे कुस्तीतला डाव खरोखर तोच आहे तिथे आपला शब्द वापरा. सुरुवातीची हाताहाताची झटापट म्हणजे खडाखडी. पायात शिरून पाडलं तर पट काढला, एक पाय धरला तर एकेरी, दोन धरले तर दुहेरी. प्रतिस्पर्ध्याला खांद्यांवर आडवा घेऊन उलटवणं म्हणजे कलाजंग. हात धरून पाठीवरून पुढे फेकणं म्हणजे धोबीपछाड. परळ-लालबागच्या तालमीत बसलेला माणूस हे शब्द ऐकताक्षणी जवळ येतो.

सुपलेक्स, चोकस्लॅम, डीडीटी, मूनसॉल्ट यांची भाषांतरं करू नका. मुंबईतली पोरं ही नावं लहानपणापासून व्हिडिओ गेममध्ये वाचत आली आहेत. “श्वासरोधक आपटणी” म्हटलं तर त्यांना डावच ओळखू येणार नाही. डावाचं नाव आठवलं नाही तर चुकीचं नाव फेकू नका. “मानेवर आपटलं!” एवढं पुरतं. चुकीचं नाव एकदा ऐकलं की जाणकार प्रेक्षक उरलेला शो तुमच्या चुका मोजत बसतो, लढत बघत नाही.

एका शब्दाला मात्र जपा: चीतपट. मातीतल्या कुस्तीत दोन्ही खांदे टेकले की निकाल लागतो, मोजणी नसते. प्रो रेसलिंगमध्ये पंच तीनपर्यंत हात आपटतो. कुस्तीत मुरलेल्या प्रेक्षकाला पहिल्याच लढतीत हे एका वाक्यात सांगा, नाहीतर खांदे टेकूनही लढत चालू राहिली की त्याला फसवल्यासारखं वाटतं. आणि ‘चीतपट’ हा शब्द तीन पूर्ण झाल्यावरच उच्चारा. दोनला उच्चारलात तर शेवटी तुमच्याकडे शब्द उरत नाही.

पहिल्या लढतीत ओघाने सांगायचे आणखी नियम: दोरीला हात किंवा पाय लागला की पकड सोडायची, पंच पाचपर्यंत मोजतो. रिंगबाहेर गेलेल्याला डब्ल्यूडब्ल्यूईत दहापर्यंत मुदत असते. तुमच्या शोचा आकडा आयोजकाला विचारून घ्या. नियम मोडल्याबद्दल बाद ठरवल्याने किंवा बाहेरच्या मोजणीने बेल्ट (विजेतेपदाचा पट्टा) जातो का, हेही विचारा, कारण बेल्टच्या लढतीचा सगळा ताण त्यावर असतो.

तीनची मोजणी आणि शांतता

लढतीत सगळ्यात मौल्यवान जागा हीच, आणि बहुतेक नवे समालोचक इथेच घसरतात.

पैलवान अंगावर पडला: दोन-तीन शब्द. पंचाचा हात जमिनीला लागला: गप्प. हॉल स्वतः मोजत असतो, “एक! दोन!”, आणि तो आवाज तुमच्यापेक्षा सरस आहे. तुम्ही वर मोजायला लागलात तर घरच्या प्रेक्षकाला गर्दी ऐकूच येत नाही. खांदा उचलला तर एक शब्द: “निसटला!” पुन्हा तीन-चार सेकंद गप्प, गर्दीचा सुस्कारा जाऊ द्या, मगच कारण सांगा: “पाय धरायला अर्धा सेकंद उशीर झाला.” प्रत्येक निसटण्याला ओरडू नका. दहा-बारा मिनिटांच्या लढतीत जोरात ओरडायच्या जागा फार तर तीन. सहा लढतींच्या दोन तासांच्या शोला आवाजाचा कळस तीन-चार वेळाच गाठायचा, त्यातला एक मुख्य लढतीच्या शेवटासाठी राखून ठेवायचा.

आवाजाच्या तीन पायऱ्या ठरवून घ्या. पहिली, शेजारच्याशी बोलण्याची: प्रवेश, खडाखडी, लांबलेली पकड. दुसरी, गॅलरीतून खाली हाक मारण्याची: पलटवार, उडी, पंचाचं लक्ष चुकवून केलेली लबाडी. तिसरी फक्त निकालाजवळ. सुरुवातच दुसऱ्या पायरीवर झाली तर तिसरी घशातून निघत नाही, फक्त चिरकते.

शांततेची ताकद बघायची असेल तर ६ एप्रिल २०१४ची न्यू ऑर्लिन्समधली रेसलमेनिया ३०, डब्ल्यूडब्ल्यूईचा वर्षातला सगळ्यात मोठा शो, बघा. ब्रॉक लेसनरने अंडरटेकरला हरवलं, रेसलमेनियातली २१ विजयांची साखळी तुटली. पडद्यावर २१-१ झळकलं आणि समालोचकांनी बराच वेळ स्टेडियमच्या सुन्नपणालाच बोलू दिलं. कुठलंही वाक्य तिथे कमी पडलं असतं.

उलट उदाहरण २८ जून १९९८चं, पिट्सबर्गच्या हेल इन अ सेलचं, म्हणजे जाळीच्या पिंजऱ्यातल्या लढतीचं. मॅनकाइंड सुमारे सोळा फूट उंचीच्या पिंजऱ्यावरून समालोचकांच्या टेबलावर कोसळला तेव्हा समालोचक जिम रॉस गप्प राहिले नाहीत. त्याच लढतीत पुढे तो पिंजऱ्याच्या छतातून रिंगमध्ये कोसळल्यावर तर ते डावाचं वर्णन सोडून लढत थांबवा म्हणून विनवू लागले. आजही ती पडझड त्यांच्या आवाजासकट आठवते. शांत राहायचं की फुटायचं याचा नियम एवढाच सांगता येईल: निकालाला गर्दीला बोलू द्या, धोक्याला माणूस म्हणून बोला.

शोच्या आधी दोन दिवस

प्रत्येक पैलवानासाठी पोस्टकार्डाएवढं एक कार्ड. वर नाव, आणि त्याचा उच्चार त्यालाच विचारून देवनागरीत. खाली: कुठून आला, नेहमीचा डाव, शेवटचा डाव (ज्याने तो लढत संपवतो), कुठला हात-पाय दुखावलेला दाखवायचा आहे, आज समोरच्याशी वैर कशावरून. पाचच ओळी. जास्त लिहिलंत तर लढत सोडून कार्ड वाचाल. मागे कोरं ठेवा. लढतीत आठवलेली गोष्ट तिथे टिपायला.

आयोजकाला तीन गोष्टी विचारा: प्रत्येक लढत साधारण किती मिनिटांची, रिंगबाहेर काही होणार का, टेबल-खुर्च्या वापरणार का. प्रो रेसलिंगमध्ये निकाल आधीच ठरलेला असतो, पण तो विचारू नये असं आमचं मत आहे. निकाल माहीत असलेला आवाज दोनच्या मोजणीला खोटा उमटतो, आणि प्रेक्षकाचा कान ते पकडतो. ज्यांना निकाल ठाऊक असूनही चेहरा आणि आवाज सांभाळता येतो त्यांची गोष्ट वेगळी, पण ती वर्षांच्या सरावाची.

प्रवेशाच्या वेळी, म्हणजे चाळीस-पन्नास सेकंदांत, तीनच गोष्टी: हा कोण, का लढतोय, हरला तर काय जाईल. जन्मगाव आणि वजन रिंगमधला निवेदक सांगतोच.

दोन माणसं, दोन कामं

एक घडतं ते सांगतो, दुसरा त्याचा अर्थ सांगतो. पहिला बोलताना दुसऱ्याने तोंड उघडायचं नाही. पलटवार किंवा मोजणी सुरू झाली की दुसऱ्याने वाक्य अर्धवट सोडायचं. यासाठी टेबलाखाली खूण ठेवा: मनगटावर बोट म्हणजे ‘आता मी’.

दुसऱ्याने खलनायकाची बाजू घ्यायची ही जुनी आणि चांगली पद्धत. बॉबी हीनन मॉन्सूनच्या शेजारी बसून हेच करायचे. पण बाजू कारणासह घ्यायची. “पंचाने पाहिलं नाही, म्हणजे नियम मोडला नाही” हा युक्तिवाद झाला. प्रेक्षक चिडतो आणि नायकाच्या बाजूने उभा राहतो. “हा पैलवान भिकार आहे” हा युक्तिवाद नाही, त्याने लढतच स्वस्त होते. जो हरणार त्याला कमकुवत म्हणालात तर जिंकणाऱ्याने कमकुवताला हरवलं, असाच अर्थ निघतो.

पंच फसतो त्या प्रसंगाकडे खास लक्ष द्या. पंच कुठे उभा होता, त्याच्या नजरेआड काय होतं, हे ताबडतोब सांगा: “पंच कोपऱ्यातल्या मॅनेजरला खाली उतरवतोय, त्याच्या पाठीमागे खुर्ची!” हे वाक्य राहिलं तर प्रेक्षक खलनायकावर चिडत नाही, शोवर चिडतो.

कानातल्या हेडसेटमधून निर्माता सूचना देत असेल तर त्याच्याशी आधीच बोलून घ्या की मोजणीच्या वेळी बोलायचं नाही. ४ जानेवारी १९९९ला डब्ल्यूसीडब्ल्यू या प्रतिस्पर्धी कंपनीच्या नायट्रो या शोवर समालोचक टोनी शियावोनी यांना वरून आदेश आला आणि त्यांनी दुसऱ्या चॅनेलवरच्या आधीच चित्रित झालेल्या रॉमध्ये मिक फोली (म्हणजे मॅनकाइंडच) बेल्ट जिंकणार हे तुच्छतेने सांगून टाकलं. बरेच प्रेक्षक तो विजय बघायला तिकडेच वळले. प्रायोजकाची ओळ वाचायला सांगितली तर ती प्रवेशाला किंवा लांबलेल्या पकडीत वाचा. त्या वेळी पैलवानही दम घेत असतात.

माईक, पंखे आणि रात्रीचे दहा

हेडसेटचा माईक तोंडापासून दोन बोटं लांब आणि ओठांच्या जरा बाजूला. मराठीत फ, भ, ठ, ख पावलोपावली येतात. माईक समोर असला तर प्रत्येक ‘फटका’ भसकन फुटतो. प्रत्येक समालोचकाचा आवाज वेगळ्या ट्रॅकवर, गर्दीसाठी तिसरा माईक रिंगजवळ वेगळा. रेकॉर्डिंगची पातळी ओरडून तपासा, बोलून नाही: तिसऱ्या पायरीवर ओरडा आणि सर्वांत उंच टोक उणे ६ डेसिबलच्या खाली ठेवा. साध्या बोलण्यावर पातळी लावली तर निकालाचा क्षण फाटून रेकॉर्ड होतो, आणि तो नंतर दुरुस्त होत नाही.

मुंबईच्या हॉलमध्ये मोठे पंखे बंद करता येत नाहीत, माणसं घामाने बेजार होतील. त्यांची घरघर मिक्सरवरच्या लो-कटने (खालचे सूर कापणाऱ्या बटणाने), साधारण ८० ते १०० हर्ट्झपासून, बरीच कमी होते. पावसाळ्यात पत्र्याच्या छपराखाली गर्दीचा माईक वर टांगू नका. सर आली की फक्त पत्राच ऐकू येतो.

समालोचन हॉलच्या स्पीकरवर सोडू नये. लढणाऱ्यांच्या कानावर ते पडतं, गर्दीच्या घोषणा दबतात, आणि स्पीकरचा आवाज तुमच्याच माईकमध्ये परत शिरतो. आयोजकाचा आग्रहच असेल तर प्रवेशाला आणि निकालानंतर बोला, मधल्या वेळात माईक बंद. शो उघड्यावर असेल तर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो, म्हणून मुख्य लढत साडेनऊच्या पुढे ढकलली जात असेल तर आयोजकाला आधीच आठवण करा. अर्ध्या लढतीत स्पीकर बंद झाला तर रिंगमधला निवेदक मुका होतो.

घशासाठी साधं पाणी, दर लढतीच्या आधी दोन घोट. दुधाच्या चहाने चिकटा येतो, वडापावच्या चटणीने ठसका. दोन्ही शोनंतर.

खरी दुखापत झाली तर

पंचाने डोक्यावर दोन्ही हातांची फुली केली की ती दुखापत सहसा खरी असते. आवाज लगेच पहिल्या पायरीवर. अंदाज करू नका, रीप्ले मागू नका, विनोद बंद. “डॉक्टर रिंगमध्ये येत आहेत, आपण थांबूया” एवढं बोला. २३ मे १९९९ला कॅन्सस सिटीत पैलवान ओवेन हार्ट वरून कोसळले तेव्हा जिम रॉसनी घरच्या प्रेक्षकांना स्पष्ट सांगितलं की हा कार्यक्रमाचा भाग नाही, आणि पुढे हार्ट यांच्या मृत्यूची बातमीही रॉसनाच द्यावी लागली. रोज ओरडून सांगणाऱ्या माणसाचं त्या रात्रीचं साधं वाक्य लोकांनी खरं मानलं, कारण एरवी त्यांचं ओरडणं जागेवर असायचं.

सराव

मुंबईत दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला आलं. त्याआधी वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर दारासिंग-किंगकाँगची कुस्ती बघून आलेला माणूस चाळीत ती सांगायचा, आणि न गेलेल्यांसाठी तेवढीच कुस्ती होती. सराव तिथूनच सुरू करा. आठ मिनिटांची कुठलीही लढत आवाज बंद करून लावा आणि मोबाईलवर रेडिओसारखं सगळं सांगत रेकॉर्ड करा. मग लोकलमध्ये इयरफोन लावून, डोळे मिटून ऐका. कोण उभा, कोण आडवा हे प्रत्येक क्षणी कळलं तर पहिली पायरी जमली.

दुसऱ्या दिवशी तीच लढत, पण निम्म्याच शब्दांत. आता पडदा बघत ऐका आणि दिसतंय तेच सांगणारं प्रत्येक वाक्य वहीत टिपा. तिसऱ्या दिवशी ती वाक्यं गाळून पुन्हा. दहा लढती अशा केल्यावर जोडीदाराला बसवा, त्याआधी नको. दोघांच्या चुका एकत्र झाल्या की कोणाची कुठली हे सापडत नाही.

शोचं रेकॉर्डिंगही दुसऱ्या दिवशी असंच तपासा. प्रत्येक मोजणीपाशी थांबून फक्त एक गोष्ट बघा: पंचाचा हात पहिल्यांदा जमिनीला लागला तेव्हा तुमचं तोंड बंद होतं का.